मूत्रपिंडांच्या धमन्यांना टेकलेला महाधमनीचा फुगा आणि खिडक्यांचा स्टेंट ग्राफ्ट

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वडील 72 वर्षांचे आहेत. मूतखड्याच्या संशयावरून केलेल्या सोनोग्राफीत त्यांच्या पोटातील महाधमनीला फुगा असल्याचे योगायोगाने कळले. सीटी अँजिओग्राफीत त्याचा व्यास 6.2 सेंटिमीटर निघाला आणि तो थेट मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या तोंडाशी सुरू होतो असे अहवालात म्हटले आहे. एका शल्यचिकित्सकांनी पोट उघडून शस्त्रक्रिया सुचवली. दुसऱ्यांनी जांघेतून 'खिडक्या असलेला' स्टेंट ग्राफ्ट बसवण्याचा सल्ला दिला, मात्र तो मापाने बनवून येण्यास दोन-तीन महिने लागतील असेही सांगितले. वडिलांनी तीस वर्षे विड्या ओढल्या आहेत, एक अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्तचाचणी) 1.5 आहे. कोणता मार्ग घ्यावा, इतके दिवस थांबणे धोक्याचे नाही का, आणि 'बिनटाक्यांचे ऑपरेशन' खरोखरच छोटे असते का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी गेली वीसहून अधिक वर्षे रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करत आहे, पोट उघडूनही आणि जांघेतूनही. त्यामुळे कोणत्याही एका पद्धतीची वकिली न करता, हा निर्णय प्रत्यक्षात कशावर ठरतो तेवढे सांगण्याचा प्रयत्न करतो. तो जखमेच्या लांबीवर ठरत नाही. महाधमनीची निरोगी भिंत कोठे सापडते आणि तिथपर्यंत पोहोचण्याची किंमत कोणत्या अवयवाला मोजावी लागते, यावर तो ठरतो.

पोटातील महाधमनीचा व्यास सर्वसाधारणपणे दोन सेंटिमीटरच्या आसपास असतो. तीनच्या पुढे गेला की आम्ही त्याला फुगा म्हणतो. सायकलच्या टायरची आतली दोऱ्यांची वीण झिजली की तेवढ्याच जागी ट्यूब फुगून बाहेर येते, तसेच येथे होते. भिंतीतील लवचिक तंतू झिजतात, आतला दाब ती जागा बाहेर ढकलतो, आणि व्यास वाढला की त्याच रक्तदाबाला भिंतीवर येणारा ताणही वाढतो. म्हणून मोठा फुगा लहान फुग्यापेक्षा लवकर वाढतो. पुरुषांत 5.5 सेंटिमीटर आणि स्त्रियांत साधारण 5 सेंटिमीटर ही दुरुस्तीची मर्यादा मानली जाते. त्याहून लहान फुगे नियमित तपासणीखाली ठेवणे सुरक्षित असते, हे 2002 च्या सुमारास ब्रिटन आणि अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवून दिले. वडिलांचा फुगा ही मर्यादा ओलांडून गेलेला आहे. तेव्हा दुरुस्ती करावी का हा प्रश्न, त्यांची एकंदर प्रकृती ती सोसण्याजोगी असेल तर, उरत नाही. कशी करावी एवढाच उरतो.

स्टेंट ग्राफ्ट म्हणजे पॉलिएस्टरच्या घट्ट विणीची नळी आणि तिला शिवलेली धातूची स्प्रिंगसारखी कडी. ती फुगा काढून टाकत नाही. ती फुग्याच्या आतून नवे अस्तर लावते, म्हणजे रक्त अस्तरातून वाहते आणि फुग्याच्या भिंतीवरचा दाब उतरतो. मात्र यासाठी अस्तराची दोन्ही टोके निरोगी भिंतीला घट्ट चिकटून बसली पाहिजेत. साध्या स्टेंट ग्राफ्टला वरच्या बाजूला, मूत्रपिंडांच्या धमन्यांखाली, किमान 10 ते 15 मिलिमीटर लांबीची, सरळ आणि समांतर भिंतींची निरोगी 'मान' लागते. वडिलांच्या बाबतीत ती मानच नाही. तरीही साधे उपकरण ओढूनताणून बसवले तर पहिल्या दिवशी चित्र सुंदर दिसते आणि दोन-तीन वर्षांत मान रुंदावून बाजूने रक्त पुन्हा फुग्यात शिरते. अशा रुग्णांची दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कितीतरी अवघड असते. कोणी आपल्याला 'साध्या स्टेंटमध्येच भागवू, लगेच करू' असे सांगितले, तर मानेची लांबी मिलिमीटरमध्ये विचारा.

मान खाली नाही म्हणून वर जायचे, आणि वर गेले की महाधमनीच्या चार महत्त्वाच्या फांद्या वाटेत येतात: दोन मूत्रपिंडांच्या, एक आतड्यांची आणि एक यकृत-जठर-प्लीहेची. त्या झाकल्या तर रुग्ण वाचणार नाही. म्हणून अस्तराला नेमक्या त्या जागी भोके ठेवायची आणि प्रत्येक भोकातून त्या त्या धमनीत छोटा झाकलेला स्टेंट बसवायचा, ही खिडक्यांची कल्पना आहे.

ही कल्पना कोठून आली हे थोडे सांगतो, कारण त्यातून या शस्त्रक्रियेचे वय कळते. 1948 साली अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातील फुग्यावर रुडॉल्फ निसेन यांनी सेलोफेनचे वेष्टण गुंडाळले होते. फुगा काढून तेथे दुसरी धमनी जोडणे तेव्हा कोणालाच साधलेले नव्हते. ते 1951 मध्ये पॅरिसला शार्ल द्युबोस्त यांनी केले. आइन्स्टाइन यांचा फुगा 1955 मध्ये फुटला आणि त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली. रक्तवाहिनीच्या आतून अस्तर लावण्याचे काम 1987 मध्ये खारकीव्हला निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतील महाधमनीत केले आणि 1990 मध्ये ब्वेनोस आइरेसला हुआन पारोदी यांनी पोटातील फुग्यात केले. खिडक्यांची पद्धत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात, विशेषतः पर्थच्या गटाने, व्यवहारात आणली, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टिमथी च्युटर यांनी छाती-पोटाच्या मोठ्या फुग्यांसाठी फांद्या शिवलेली नळी विकसित केली. अमेरिकेत खिडक्यांच्या उपकरणाला मान्यता मिळाली ती 2012 मध्ये. सांगायचे कारण एवढेच की ही पद्धत आता प्रायोगिक राहिलेली नाही, पण तिचे वीस-पंचवीस वर्षांनंतरचे अनुभव उघड्या शस्त्रक्रियेइतके विपुलही नाहीत.

आता नियोजनाविषयी, कारण माझ्या मते या शस्त्रक्रियेचा निम्मा भाग रुग्ण टेबलावर येण्याआधीच पार पडलेला असतो. एक मिलिमीटर जाडीच्या कापांचा सीटी संगणकावर घेऊन महाधमनीच्या मध्यरेषेवरून एक कल्पित दोरा ओवला जातो आणि ती वळणावळणाची वाहिनी सरळ केल्यासारखी मोजली जाते. प्रत्येक फांदीचे तोंड किती उंचीवर आहे, आणि महाधमनीच्या गोल काटछेदावर घड्याळाच्या कोणत्या आकड्यापाशी आहे, हे लिहून काढायचे असते. पोटाकडची बाजू बारा धरली तर आतड्यांची धमनी बहुधा बाराच्या आसपास, डावी मूत्रपिंडाची तीनच्या जवळ आणि उजवी साडेनऊ-दहाच्या जवळ निघते. एखाद्या रुग्णात मूत्रपिंडाला एकाऐवजी दोन धमन्या असतात; चार मिलिमीटरपेक्षा बारीक असलेली दुसरी धमनी जपायची की सोडायची, आणि सोडली तर मूत्रपिंडाचा किती भाग सुकेल, हा निर्णय तेव्हाच घ्यावा लागतो. मूत्रपिंडाची खिडकी साधारण सहा मिलिमीटर रुंदीची असते. कागदावर चार-पाच मिलिमीटरची चूक झाली तर टेबलावर खिडकी भिंतीसमोर येते आणि धमनीचे तोंड कापडाआड जाते. म्हणून ही मापे दोन जणांनी स्वतंत्रपणे घेऊन मग पडताळावीत, असा माझा आग्रह असतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत दोन्ही जांघांतून शिरतात. मुख्य उपकरणाची नळी सहा ते आठ मिलिमीटर जाडीची असते, त्यामुळे ओटीपोटातील धमन्या अरुंद किंवा चुन्याने कडक झाल्या असतील तर तेथेच वाट अडते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे नेहमी दिसते. उपकरण आधी अर्धवटच उघडतात. मागच्या बाजूने ते बारीक धाग्यांनी आवळलेले असते, म्हणून अजून फिरवता आणि वर-खाली सरकवता येते. खिडक्यांभोवती सोन्याचे सूक्ष्म ठिपके असतात, ते क्ष-किरणांत दिसतात. प्रत्येक खिडकीतून तार त्या त्या धमनीत गेली, तिच्यावरून नळी गेली, की मग आवळधागे सोडून अस्तर भिंतीला पूर्ण टेकवतात आणि एकेका धमनीत झाकलेला स्टेंट फुगवतात. त्याचे महाधमनीतले टोक मोठ्या बलूनने कर्ण्यासारखे पसरवून खिडकीला रिव्हेटसारखे बसवतात. तीन-चार खिडक्यांच्या कामाला तीन ते पाच तास लागतात आणि बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. जांघेत टाके दिसले नाहीत म्हणून ही शस्त्रक्रिया छोटी म्हणू नये. शरीराला बसणारा धक्का कमी असतो हे खरे. धोक्यांची यादी मात्र मोठ्या शस्त्रक्रियेचीच असते. त्या यादीत मूत्रपिंडांचे काम बिघडणे, आतड्यांचा रक्तपुरवठा अडणे, गाठी निसटून पायांच्या धमन्या बंद पडणे, हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू हे सर्व येते. वडिलांचे क्रिएटिनिन 1.5 आहे, म्हणजे धमन्या क्ष-किरणांत दिसाव्यात म्हणून टोचतात ते कॉन्ट्रास्ट औषध कमी वापरणे, आधीचा सीटी चालू क्ष-किरण चित्रावर बसवून काम करणे आणि शिरेतून पुरेसे पाणी देणे याला त्यांच्या बाबतीत विशेष महत्त्व आहे. अशी सोय असलेल्या शस्त्रक्रियागृहातच हे करावे.

एक धोका मी स्वतंत्रपणे सांगतो, कारण नातेवाइकांना त्याची कल्पनाच दिलेली नसते. मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या महाधमनीच्या मागच्या भिंतीतून निघतात. अस्तर जितके उंच जाते तितक्या त्या झाकल्या जातात. वडिलांसारख्या मूत्रपिंडांशी थांबलेल्या फुग्यात पायांचा अर्धांगवायू होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास असते. पण फुगा छातीपासून ओटीपोटापर्यंत पसरलेला असेल तर ती शंभरात पाच ते दहापर्यंत, कधी त्याहूनही वर जाते. म्हणूनच 'थोडे आणखी वर नेऊन पक्के करू' हा मोह महागात पडू शकतो. मोठ्या फुग्यांत आम्ही काम दोन टप्प्यांत करतो, म्हणजे मज्जारज्जूच्या पर्यायी वाहिन्यांना मोठे होण्यास काही आठवडे मिळतात. डाव्या हाताची आणि ओटीपोटातील आतल्या धमन्यांची वाट मोकळी ठेवतो, हिमोग्लोबिन 10 च्या वर राखतो आणि गरज पडल्यास पाठीतून मज्जाद्रव काढून मज्जारज्जूभोवतीचा दाब उतरवतो. रक्तदाब मात्र उतरू देत नाही, कारण तो उतरला की मज्जारज्जूला रक्त कमी पडते.

माझ्या एका रुग्णाची गोष्ट मला विसरता आलेली नाही. छाती-पोटाच्या फुग्याची दुरुस्ती व्यवस्थित झाली, दुसऱ्या दिवशी ते पाय हलवत होते, आणि तिसऱ्या रात्री वॉर्डात हलवल्यावर त्यांना रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या सवयीने पुन्हा सुरू केल्या गेल्या. पहाटे रक्तदाब 95 पर्यंत उतरला होता आणि उजवा पाय उचलत नव्हता. रक्तदाब वाढवून, मज्जाद्रव काढून बरीच ताकद परत आली, पण पूर्ण नाही; ते आजही काठी घेऊन चालतात. त्या दिवसानंतर माझ्या प्रत्येक अशा रुग्णाच्या खाटेला 'रक्तदाबाची गोळी विचारल्याशिवाय देऊ नये' असा मराठीत लिहिलेला कागद लावलेला असतो आणि नातेवाइकांनाही तो वाचून दाखवला जातो.

मग उघडी शस्त्रक्रिया की खिडक्यांचा ग्राफ्ट? उघड्या शस्त्रक्रियेत मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या वर महाधमनीला चिमटा लावावा लागतो. त्या काळात, साधारण अर्धा तास, मूत्रपिंडांना रक्त मिळत नाही आणि हृदयावर अचानक भार पडतो. पण एकदा जोडलेली कापडी नळी वर्षानुवर्षे टिकते आणि तिच्यासाठी दरवर्षी सीटी काढावा लागत नाही. ब्रिटनमधील ज्या चाचणीत साध्या फुग्यांसाठी दोन्ही पद्धतींची तुलना झाली, तिच्यात पहिल्या तीस दिवसांतील मृत्यू स्टेंट ग्राफ्टमध्ये 1.7 टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेत 4.7 टक्के होते. मात्र पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात हा फायदा टिकला नाही, आणि आठ वर्षांनंतर स्टेंट ग्राफ्टच्या गटात उशिरा फुटलेल्या फुग्यांमुळे मृत्यू अधिक दिसले. गुंतागुंतीच्या फुग्यांसाठी अशी मोठी चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना उपलब्ध नाही. तेथे अनुभवी केंद्रांच्या नोंदींवरच विसंबावे लागते. माझे मत असे की साठीच्या आतील, हृदय-फुप्फुस चांगले असलेल्या रुग्णाला उघडी शस्त्रक्रिया मनमोकळेपणाने सुचवावी. 72 वर्षांचे वय, पूर्वीचा हृदयविकार, विडीने झिजलेली फुप्फुसे आणि आधीच अशक्त मूत्रपिंडे असलेल्या आपल्या वडिलांना, त्यांच्या धमन्यांची रचना अनुकूल असेल तर, मी खिडक्यांचा ग्राफ्ट सुचवेन. हृदयाची आणि फुप्फुसांची तपासणी झाल्याशिवाय मात्र हे मत पक्के धरू नका. धमन्यांच्या भिंतीचा आनुवंशिक विकार असेल, किंवा क्षयासारख्या जंतुसंसर्गाने फुगा झाला असेल, तर हिशेब वेगळा असतो. आपल्याकडे तरुण रुग्णात वेडावाकडा, ताप असलेला किंवा झपाट्याने वाढणारा फुगा दिसला की ही शंका आधी घ्यावी.

थांबण्याविषयीची आपली भीती रास्त आहे. सहा सेंटिमीटरच्या पुढचा फुगा वर्षभरात फुटण्याची शक्यता दहा टक्के धरली, तर दहा आठवड्यांत ती साधारण दोन टक्के होते. शून्य नाही, पण मापाच्या उपकरणाऐवजी घाईत बसवलेल्या चुकीच्या उपकरणाचा धोका याहून मोठा असतो. फुगा सात-आठ सेंटिमीटरचा असता किंवा दुखत असता तर मी थांबलो नसतो. अशा वेळी चार फांद्यांची तयार नळी वापरता येते. ती युरोपात 2012 पासून उपलब्ध आहे आणि अशाच तयार धर्तीच्या दुसऱ्या एका उपकरणाला अमेरिकेत 2024 च्या जानेवारीत मान्यता मिळाली. मात्र तयार नळी मज्जारज्जूच्या धमन्या अधिक झाकते, त्यामुळे वडिलांसारख्या मर्यादित फुग्याला ती गरजेपेक्षा मोठी ठरते. दुसरा उपाय म्हणजे शल्यचिकित्सकाने साधा ग्राफ्ट निर्जंतुक टेबलावर उघडून स्वतः खिडक्या पाडणे. अनुभवी हातांत तो चांगला चालतो, आणि आपल्याकडे खर्च व वेळ या दोन्ही कारणांनी तो वापरलाही जातो. पण उपकरणाच्या निर्मात्याची हमी त्याला राहत नाही, हे संमतिपत्रात स्पष्ट लिहिलेले असावे. मुख्य नळीच्या बाजूने समांतर छोट्या नळ्या टाकण्याच्या पद्धतीत मधल्या फटींतून गळती होते, म्हणून ती मी अडचणीच्या वेळेपुरतीच ठेवतो.

या काळात रक्तदाब नियंत्रणात ठेवावा, स्टॅटिन आणि ॲस्पिरिन डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू राहावे, आणि विडी आजपासून पूर्ण बंद व्हावी. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, जड उचलू नये. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटाची प्रतिजैविके शक्यतो टाळावीत. महाधमनीचा फुगा असलेल्यांना ती देऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2018 मध्ये दिला आहे. लघवीच्या संसर्गासाठी आपल्याकडे ती सर्रास दिली जातात, म्हणून औषध लिहून घेताना फुग्याचा उल्लेख आवर्जून करा. पोटात किंवा पाठीत नवे, न थांबणारे दुखणे सुरू झाले, घाम येऊन चक्कर आली, तर जवळच्या छोट्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन वाट पाहू नका. रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक आणि रक्तपेढी असलेल्या रुग्णालयात थेट जा, सीटीची सीडी सोबत न्या आणि दारातच 'महाधमनीचा फुगा आहे' असे सांगा.

शस्त्रक्रियेनंतरचा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. पहिला सीटी महिन्याने, नंतर बहुधा सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी सीटी किंवा सोनोग्राफी, हा क्रम आयुष्यभर चालतो. फुगा आकसतो आहे की तेवढाच आहे की वाढतो आहे, खिडक्यांतील स्टेंट उघडे आहेत का, ग्राफ्टचे तुकडे एकमेकांपासून सरकले नाहीत ना, हे पाहावे लागते. मूत्रपिंडांचे स्टेंट बहुसंख्य रुग्णांत वर्षानुवर्षे उघडे राहतात, तरी पाच वर्षांत साधारण चार-पाच रुग्णांपैकी एकाला काही ना काही छोटी दुरुस्ती लागते, आणि ती वेळेत केली तर बहुधा जांघेतूनच होते. कमरेच्या बारीक धमन्यांतून उलटे येणारे रक्त पुष्कळदा आपोआप थांबते. वरच्या टोकातून किंवा जोडांतून होणारी गळती मात्र लगेच बंद करावी लागते, कारण तेथे फुग्याला पुन्हा पूर्ण दाब मिळतो. माझे एक रुग्ण 'आता बरे आहे' म्हणून चार वर्षे आले नाहीत; आले ते पाठदुखी घेऊन, आणि तोवर मूत्रपिंडाचा स्टेंट खिडकीतून निसटून फुगा दीड सेंटिमीटरने वाढला होता. त्यांना वाचवता आले, त्या बाजूचे मूत्रपिंड मात्र गेले. तेव्हा गावाहून दरवर्षी तपासणीला येणे घरच्यांना झेपणार आहे का, याचा विचार पद्धत निवडतानाच करा. झेपणार नसेल तर उघड्या शस्त्रक्रियेचे पारडे तेवढ्यानेही जड होऊ शकते.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा वर्षाला अशी किती कामे होतात, त्यांत मृत्यू, डायलिसिस आणि अर्धांगवायू किती जणांना झाले, आणि ग्राफ्ट फसला तर पोट उघडणारा शल्यचिकित्सक त्याच इमारतीत आहे का, हे सरळ विचारा. असे प्रश्न विचारल्याने कोणताही चांगला डॉक्टर दुखावत नाही.

शेवटची गोष्ट आपल्या स्वतःविषयी आहे. हा आजार काही कुटुंबांत चालत येतो. वडिलांच्या सख्ख्या भावंडांची, तसेच पन्नाशी ओलांडली असेल तर आपली आणि आपल्या भावा-बहिणींची पोटाची एक साधी सोनोग्राफी करून घ्या आणि अहवालात महाधमनीचा व्यास आकड्यात लिहून मागा. इंग्लंडमध्ये 65 वर्षांच्या पुरुषांना अशा तपासणीसाठी सरकारी यंत्रणेकडून बोलावणे येते. आपल्याकडे तशी राष्ट्रीय योजना नाही, म्हणून ते बोलावणे घरातल्या घरात आपणच पाठवायचे आहे.